मेंटेनन्सची गोळी, शुगर, बीपी आणि माझं रजिस्टर

अंगणवाडीत सत्तावीस वर्षं मी पोरांना झोळीच्या काट्याला टांगून वजन करत आले. पहिल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पोर टांगायच्या आधी रिकामी झोळी टांगायची आणि काटा शून्यावर आणायचा. नाहीतर झोळीचं वजन पोराच्या नावावर चढतं आणि अशक्त पोर कागदावर सुदृढ होऊन बसतं.

कॅन्सरची मेंटेनन्सची गोळी, म्हणजे मुख्य उपचार झाल्यावर आजार दबून राहावा म्हणून घ्यायची गोळी, सुरू झाली तेव्हा मी नेमका हाच काटा शून्यावर आणायला विसरले. मला चौदा वर्षांची शुगर, बीपी त्याहून जुना, गुडघे तर कधीपासूनचे. त्यात नवी गोळी आली आणि जे काय होईल ते तिच्या नावावर चढू लागलं. चक्कर आली, गोळी. पाय बधिर, गोळी. झोप नाही, गोळी. कधी उलटंही व्हायचं. गोळीचाच त्रास असायचा आणि मी म्हणायची, शुगरमुळे होतंय, चालायचंच. बावीस महिन्यांत हा गुंता सोडवायची एक रीत मला सापडली, ती इथे लिहिते. औषधं बदलायचा सल्ला यात नाही, तो तुमचे डॉक्टर देतील. त्यांच्यासमोर बसताना हातात काय असावं, तेवढं सांगते.

माझी केस थोडक्यात

मला मल्टिपल मायलोमा आहे. हाडांच्या मगजात जिथे रक्त तयार होतं, तिथला कॅन्सर. सुरुवात कंबरदुखीने झाली. हिमोग्लोबिन साडेसात, एक मणका दबलेला. पाच महिने पोटावर बोर्टेझोमिबची इंजेक्शनं, सोबत गोळ्या आणि आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. मग मुंबईला माझ्याच स्टेम सेल काढून परत घालायचा ट्रान्सप्लांट. त्यात दोन एकर रान गेलं, तो विषय वेगळा. शंभरेक दिवसांनी लेनालिडोमाइड सुरू केली, १० मिलिग्राम. हीच ती मेंटेनन्सची गोळी. २१ दिवस रोज एक कॅप्सूल, मग ७ दिवस सुट्टी.

ट्रान्सप्लांटनंतर रिपोर्ट चांगले आले होते. म्हणून पहिला प्रश्न मी हाच विचारला, की आजार दिसत नाही तर गोळी कशाला? तुम्हीही विचारा. मेंटेनन्सने मिळतं काय हे माहीत असल्याशिवाय त्रासाशी तुलना कशाशी करणार? आमच्या डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला आकडे लिहून दिले. ट्रान्सप्लांटनंतरच्या तीन मोठ्या अभ्यासांतल्या १२०८ जणांची माहिती २०१७ साली एकत्र करून मांडली गेली. लेनालिडोमाइड घेणाऱ्यांत आजार परत डोकं वर काढेपर्यंतचा मधला काळ ५२.८ महिने होता, न घेणाऱ्यांत २३.५ महिने. सात वर्षांनी शंभरातले ६२ जण हयात होते, गोळी न घेणाऱ्यांत ५०. मग पेनाने आणखी एक ओळ लिहिली: दुसऱ्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. हेही सांगितलं म्हणून मला ते डॉक्टर पटले. वर म्हणाले, "मावशी, अभ्यासातली माणसं बहुतेक तुमच्यापेक्षा धडधाकट होती. त्यांच्याकडे तुमच्याएवढ्या गोळ्यांचा डबा नव्हता." माझा डबा तेव्हा रोज अकरा गोळ्यांचा होता.

रजिस्टरचं पहिलं पान: जुनं काय होतं

दोनशे पानी वही घ्या. मेंटेनन्सची पहिली गोळी घेण्याआधी पहिलं पान भरा. सुरू होऊन महिने झाले असतील तर आठवून, जुने केसपेपर काढून भरा. वजन. बसून आणि उभं राहून घेतलेला बीपी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. थायरॉइडची टीएसएच. बी-१२ जीवनसत्त्व. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर. दिवसाला शौचाला किती वेळा, रात्री लघवीला किती वेळा उठता. लाजू नका, आम्ही गावातल्या पोरांच्या हगवणीची नोंद वर्षानुवर्षं ठेवलीय.

पायांसाठी मी एक युक्ती केली. अंगणवाडीत पोरांचे पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीने कडा काढतो ना, तसा माझा उजवा पाय वहीवर ठेवून नातवाकडून काढून घेतला. मग डोळे मिटले आणि सुनेला कापसाचा बोळा फिरवायला सांगितला. जिथे कळलं नाही तेवढा भाग पेन्सिलीने काळा केला. पहिल्या चित्रात बोटांची टोकं काळी होती. चार महिन्यांनी परत काढलं तर काळं अर्ध्या तळव्यापर्यंत आलेलं.

इथेच मी गोळीला दोष देऊन मोकळी झाले होते. चित्र बघितल्यावर डॉक्टर म्हणाले, बधिरतेला या घरात तीन-चार संशयित आहेत. पाय बधिर करण्यात बोर्टेझोमिब लेनालिडोमाइडच्या पुढे, पण ते बंद होऊन बरेच महिने झाले, त्याचा त्रास आता वाढायला नको. शुगर आहेच. आणि चौथा संशयित माझ्या डब्यात बारा वर्षं निवांत बसला होता, शुगरची गोळी मेटफॉर्मिन. ती वर्षानुवर्षं घेतली की काहींचं बी-१२ उतरतं, त्यानेही पाय बधिर होतात, आणि आम्ही माळकरी, अंडंसुद्धा नाही. तपासलं तर बी-१२ १४४. इंजेक्शनं सुरू केली. सहा महिन्यांनंतरच्या चित्रात काळं परत बोटांकडे सरकलेलं आहे. पूर्ण गेलं नाही. पण त्या पायांसाठी मी कॅन्सरची गोळी सोडली असती तर चुकीच्या माणसाला तुरुंगात टाकल्यासारखं झालं असतं.

शुगरवाल्यांनी हे आधी बघा

मेंटेनन्सच्या दुसऱ्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास मला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. सगळे म्हणाले, कॅन्सरच्या गोळीने अशक्तपणा आलाय, डिंकाचे लाडू खा. एका पहाटे ग्लुकोमीटर लावला तर शुगर ५८.

झालं होतं असं. डेक्सामेथासोनच्या दिवसांत शुगर ३८० पर्यंत जायची, म्हणून शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड गोळीचा डोस वाढवला होता. ट्रान्सप्लांटच्या आधीच डेक्सा बंद झालं. वाढवलेला डोस कमी करायचा मात्र राहून गेला. मुंबईच्या डॉक्टरांना वाटलं गावचे बघतील, गावच्यांना वाटलं मुंबईचे बघतायत. उपचाराचा टप्पा बदलला की शुगर आणि बीपीच्या गोळ्यांचा हिशेब पहिल्यापासून करून घ्या.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, तिच्यावर या काळात डोळे मिटून विसंबू नका. रक्त चढवलेलं असेल किंवा रक्तपेशींची उलथापालथ चालू असेल तर तो आकडा खोटा कमी येऊ शकतो. माझा ५.९ आला आणि घरात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. त्याच आठवड्यात जेवणानंतरची शुगर २२० होती.

रोजचं पान

रकाने कमीच ठेवा, नाहीतर आठ दिवसांत कंटाळा येतो. माझ्याकडे पाचच आहेत: गोळीचा कितवा दिवस, शुगर किंवा बीपी यातलं त्या दिवशी जे मोजलं ते, त्रास काय आणि किती वाजता, काय खाल्लं, आणि वेगळं काय घडलं. गोळीचे २१ दिवस आणि सुट्टीचे ७ असं चक्र असेल तर सुट्टीचे दिवस हिरव्या पेनाने लिहा. तीन चक्रं झाली की पानं शेजारी उघडून बघा. जो त्रास हिरव्या ओळींत हलका होतो तो बहुतेक गोळीचा. माझे रात्रीचे पोटरीचे गोळे तसेच निघाले, सुट्टीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी गायब. पायांची जळजळ मात्र हिरव्यातही तशीच.

पण हा नियम जुलाबांना लागू पडला नाही, आणि त्यानेच मला सगळ्यात जास्त छळलं.

आठव्या महिन्यापासून रोज पाच-सहा वेळा पळावं लागायचं. एसटीने बार्शीहून सोलापूरला जायचं म्हटलं तरी पोटात गोळा. सुट्टीच्या आठवड्यात थोडा फरक, पण पूर्ण थांबत नव्हतं. म्हणून मी ठरवून टाकलं की मेटफॉर्मिनचं काम आहे, ती पोट बिघडवते हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या गावच्या डॉक्टरांनी ती दोन आठवड्यांसाठी हळूहळू विरघळणारी करून दिली. दुसरं काहीच बदललं नाही. एका वेळी एकच बदल, हे फार महत्त्वाचं, नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. जुलाब सहावरून पाचवर आले, एवढंच.

मग सुनेने "काय खाल्लं" हा रकाना वाचला. ती बोलली नाही, नुसतं बोट ठेवत गेली. शेंगाचटणी. शेंगाचटणी, वर तेल. भजी. शेंगाचटणी. आमच्याकडे चटणी उखळात कुटतात, तेल सुटेपर्यंत, आणि वर आणखी तेलाची धार. मी ताटात चमचा मोजत नाही, मूठ मोजते. त्या-त्या दिवसांसमोर सहा, सात, सहा.

डॉक्टरांना पान दाखवल्यावर त्यांनी समजावलं. तेलकट पचवायला यकृत पित्त सोडतं, ते लहान आतड्याच्या शेवटाला परत शोषलं जातं. लेनालिडोमाइड बराच काळ घेणाऱ्या काहींमध्ये ते नीट शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यात उतरतं आणि जुलाब होतात. जेवणात तेल जास्त, की पित्त जास्त. तेल कमी केलं आणि पित्त बांधून ठेवणारी कोलेस्टायरामिनची पुडी दिली. दहा दिवसांत दोनावर आले. पुडी इतर गोळ्यांनाही बांधते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्यायच्या. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर हे नक्की विचारावं.

वैशाखातलं लग्न

हा भाग सावकाश वाचा, विशेषतः बीपी आणि शुगर दोन्ही असणाऱ्यांनी.

चौदाव्या महिन्यात, मे मध्ये, भाचीच्या लग्नाला गेले. पारा त्रेचाळीसच्या वर. तिथे पोट बिघडलं, दोन दिवस उलट्या-जुलाब. मी शिस्तीची बाई, अकरापैकी एकही गोळी चुकवली नाही. बीपीची होती टेल्मिसार्टन, आणि तिच्यातच लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं. वर मांडवात कंबर धरली म्हणून एका औषधाच्या दुकानातून दोन डायक्लोफेनॅक घेतल्या.

परत आल्यावर क्रिएटिनिन १.१ चं १.९. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ४८०.

मला वाटलं कॅन्सर परत आला. तसं नव्हतं. अंगातलं पाणी संपलं होतं, त्यात लघवीची गोळी आणखी पाणी काढत होती, टेल्मिसार्टन आणि डायक्लोफेनॅक दोन्ही मूत्रपिंडाला अडचणीत टाकत होत्या. लेनालिडोमाइड मुख्यतः मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. तिथली वाट अडल्यावर ती रक्तात साचली आणि पेशी पाडल्या. दोष द्यायचा तर कुणाला द्यायचा? एकेकटी गोळी रास्त होती, डायक्लोफेनॅक सोडून. मायलोमात तशा वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात हे मला पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं. कंबर दुखताना आठवलं नाही.

सलाइन, तीन आठवडे गोळी बंद, क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावलं. मग मूत्रपिंडाच्या क्षमतेचा हिशेब करून लेनालिडोमाइड ५ मिलिग्रामवर सुरू केली. आता कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, दोन्ही डॉक्टरांच्या सहीची: "उलट्या-जुलाब सुरू झाले की त्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या, फोन कुणाला करायचा, रक्त कधी तपासायचं." तुमची चिठ्ठी वेगळी असेल. ती बरं असतानाच लिहून घ्या, आजारी पडल्यावर कुणाचं डोकं चालतं!

पाय सुजला तर

बीपीची गोळी बदलून मला अमलोडिपिन दिली. महिन्याभरात दोन्ही घोट्यांवर सूज, संध्याकाळी जास्त, सकाळी उतरलेली. लेनालिडोमाइडने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, त्यासाठी मी ७५ मिलिग्राम ॲस्पिरिन घेते, त्यामुळे घरात घाबरगुंडी. तपासल्यावर सूज अमलोडिपिनची निघाली, डोस निम्मा केल्यावर गेली. साधारण असं की गुठळीची सूज एका पायाला येते, पोटरी दुखते, गरम लागते. पण दोन्ही पाय सुजले म्हणून निर्धास्त बसू नका, आणि एकच सुजला तर त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घ्या. सोबत दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर रजिस्टर घरी ठेवून थेट दवाखाना गाठा.

थकव्याबद्दल एवढंच, की आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच बघा. या गोळीने थायरॉइड मंदावू शकतं, आणि तो थकवा स्वस्तातल्या गोळीने जातो. दोन्ही ठीक असतील तर झोप बघा, मन बघा. माझं मन होतं. ते कबूल करायला मला चार महिने लागले.

लाल आणि पिवळं

पोरांच्या वाढीच्या तक्त्यावर रंगांचे पट्टे असतात. तसंच मी त्रासांचं केलं. लाल म्हणजे वाट बघायची नाही: ताप १००.४ किंवा वर, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, एका पायाची सूज, दम, रक्त येणं, फोडांचं पुरळ, लघवी जवळजवळ बंद, पाठीत अचानक कळ येऊन पायांतली ताकद जाणं. पिवळं म्हणजे जीवाला धोका नाही पण जगणं कुरतडणारं. डॉक्टर लाल विचारतात. पिवळं आपणच सांगावं लागतं, आणि बहुतेक बायका ते सांगत नाहीत.

मी नव्हतं सांगितलं. दिवाळीत पोरं येणार, फराळ करायचा, आणि सारखं संडासला पळायचं, म्हणून कुणाला न कळवता नऊ दिवस गोळी बंद ठेवली. पुढच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी वाढलेल्या. डॉक्टर खूश झाले, म्हणाले डोस छान मानवतोय. मग मला राहवलं नाही. रागावले नाहीत. म्हणाले, "सुट्टी हवी होती तर मागायची. आपण तारखा ठरवल्या असत्या. न सांगता घेतली की मी तुमच्या रिपोर्टवरून चुकीचा निर्णय घेतो."

तेव्हापासून मी पिवळ्याचं वजन असं मांडते: या त्रासामुळे माझं नेमकं काय बुडतंय, आणि तो कमी करायला गोळी सोडण्याआधी काय-काय उरलंय? डोस कमी करणं, वेळ बदलणं, सुट्टी लांबवणं, शेजारची गोळी बदलणं, जेवण बदलणं. हे सगळं करून झालं आणि तरी जगणं नको झालं, तर बंद करण्याची चर्चा जरूर करा, तोही तुमचा हक्क आहे. काही डॉक्टर आजार परत येईपर्यंत गोळी चालू ठेवतात, काही ठरावीक वर्षांनी थांबवतात. आपल्याबाबत काय धोरण आहे ते विचारून लिहून ठेवा.

आणखी दोन-चार गोष्टी, घाईत. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड चालू असेल तर दात काढायच्या आधी दोन्ही डॉक्टरांना सांगा, जबड्याचं हाड खराब होऊ शकतं. आणि त्याच्या प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन हवंच. शेजारच्या वहिनींनी प्रेमाने दिलेला गुळवेलीचा काढाही डब्यातल्या यादीत लिहा, त्याने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. लेनालिडोमाइडची कॅप्सूल फोडू नका. ती थॅलिडोमाइडच्या घराण्यातली, त्या औषधाने अपंग मुलं जन्मली म्हणून १९६१ मध्ये ते बाजारातून काढलं होतं. घरात मूल होण्याच्या वयातल्या सुना-मुली असतील तर आपला डबा आपणच भरावा. माझी सून डबा भरायला बसली होती, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. नंतर कारण सांगितलं.

दोन डॉक्टरांकडे एकच कागद न्यायचा. डाव्या बाजूला सगळ्या गोळ्या, उजव्या बाजूला महिन्याचे तीनच त्रास, ज्याने सगळ्यात जास्त बुडवलं तो वर. तीनच, कारण चौथ्यापर्यंत नंबर पुकारला जातो.

बावीस महिने झाले. ५ मिलिग्राम मानवतेय, क्रिएटिनिन १.२, न्यूट्रोफिल १९००. या चक्राची सुट्टी भोगीच्या आदल्या दिवसापासून आहे. बाजरीची भाकरी, तीळ लावून, आणि भोगीची भाजी होणारच. भाजीत शेंगदाण्याचं कूट किती घालायचं यावर सुनेचं आणि माझं कालच वाजलं. तिने रजिस्टर आणून समोर ठेवलं. शेवटी दोन चमच्यांवर ठरलं, आणि ते हिरव्या पेनाने लिहायचं.